मारोतरावांच्या संगणकाची अठरा मिनिटे

संगणक सुरू व्हायला जितका वेळ लागतो, तितका तो भारदस्त समजावा. बोट लावताच उठून बसते ते खेळणे. या कसोटीवर आमच्या मानेवाड्याच्या सोसायटीतला मारोतरावांचा संगणक नागपूर जिल्ह्यात पहिला यावा, कारण त्याला अठरा मिनिटे लागत.

मारोतराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. संगणक त्यांनी १९८७ साली घेतला. सगळा कारभार कीबोर्डाच्या पोटात, पडदा म्हणून घरचा टीव्ही, आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. कॅसेट लावली की अठरा मिनिटे कूंऽऽ चर्रर्र असा आवाज येई आणि तेवढ्यात प्रोग्राम टेपमधून संगणकात उतरे. या काळात जोरात चालू नये, शेजाऱ्यांनी मिक्सर लावू नये आणि नत्थूभाऊंनी खोकू नये (खोकला आलाच तर गॅलरीत जावे) असे नियम होते. मे महिन्यात कुलरची हवा आधी संगणकाला, उरली तर कुसुमताईंना. कुसुमताई म्हणजे मारोतरावांच्या पत्नी. त्यांनी याबद्दल एकदाच तक्रार केली, ती अजून सुरू आहे.

रोज संध्याकाळी पाच वाजता आम्ही पाच जण हजर असू: यजमान दोघे, कामठीला पॉवरलूम चालवून थकलेले नत्थूभाऊ, पोस्टातले मधुसूदनराव आणि सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मी. अठरा मिनिटांत चहा होई, एखाद्याच्या सुनेची बाजू घेतली जाई, एखाद्याच्या गुडघ्यावर तीन परस्परविरोधी औषधे मंजूर होत. दर आठ-नऊ दिवसांनी सोळाव्या मिनिटाला टेप अडखळे. मग पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे दुसरा चहा. त्या दिवशी मधुसूदनराव विशेष प्रसन्न दिसत.

प्रोग्राम काय होता, असे कोणी विचारेल. जन्मतारीख टाकली की जन्मवार सांगणे, हा. नत्थूभाऊंची तारीख टाकली की बुधवार येई. अडतीस वर्षांत त्यात फरक पडला नाही (यंत्राची अचूकता यावरून सिद्ध होते). वार ऐकून सगळे समाधानाने घरी जात.

दिवाळीत मारोतरावांची मुलगी मयुरा पुण्याहून आली. ती इंजिनिअर आहे, त्यामुळे चालू असलेली गोष्ट तिला बघवत नाही. तिने संगणकाच्या मागच्या खाचेत एक नखाएवढे कार्ड बसवले. प्रोग्राम आता त्या कार्डात राहणार. त्यात हलणारा एकही भाग नाही, असे तिने सांगितले. आमच्या सोसायटीच्या कमिटीतही हलणारा एकही भाग नाही, पण असा वेग आम्हांला कधी साधला नाही.

"बाबा, आता दोन सेकंदांत सुरू होते," मयुरा म्हणाली आणि पुण्याला निघून गेली.

वाचलेला वेळ मी सेक्रेटरी म्हणून काढला: माणशी रोज सतरा मिनिटे अठ्ठावन्न सेकंद, पाच जणांचे वर्षाकाठी पाचशे सेहेचाळीस तास. सूचनाफलकावर अभिनंदनाचा ठराव लावला.

पहिल्या दिवशी पाच वाजता बटण दाबले. पाच वाजून एक मिनिटाने पाचही जणांचे वार जाहीर झाले होते. चहाचे पाणी अजून कोमट होते आणि नत्थूभाऊ चपला घालत होते.

"चहा तरी घेऊन जा नं, भाऊ," कुसुमताई म्हणाल्या.

"काम तं झालं नं, वहिनी. आता बसून काय करू?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही (वेळेचा अपव्यय टाळणे हे सेक्रेटरीचे कर्तव्यच). तिसऱ्या दिवशी मधुसूदनराव गळाले. चौथ्या दिवशी नत्थूभाऊंनी फोनवरच विचारले, "मारोतराव, बुधवारच आहे नं गा?"

"बुधवारच आहे," मारोतराव म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढचा महिनाभर ते रोज पाचला बटण दाबत, दोन सेकंद वाट बघत आणि मग पडद्याकडे बघत बसत. कप मात्र पाचच काढत. कुसुमताईंनी तीन उचलून ठेवले की पुन्हा मांडत. शेवटी कुसुमताईंनीच मयुराला फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"काय झालं, बाबा? कार्ड बिघडलं का?"

"कार्ड चांगलं आहे. लय घाई करून राहिलं ते." मग म्हणाले, "मले करमत नाही वं. कोणीच येत नाही आता."

मयुरा शनिवारी आली. तिने प्रोग्रामच्या आधी चार ओळी घातल्या. त्यानुसार यंत्र आता दोन सेकंदांत सुरू होते आणि उरलेली सतरा मिनिटे अठ्ठावन्न सेकंद काहीही न करता थांबते. तोंडी लावायला कूंऽऽ चर्रर्रचे रेकॉर्डिंग आहे. सोळाव्या मिनिटाला अधूनमधून अडखळण्याची सोय मधुसूदनरावांच्या लेखी अर्जावरून करण्यात आली. मी या सुधारणेच्या अभिनंदनाचा ठराव आधीच्या ठरावावरच चिकटवला.

पाच वाजता सगळे हजर. नत्थूभाऊंनी आवाज ऐकला, बूड टेकवले आणि म्हणाले, "आता बरोबर आहे. मधात बिघडलं होतं."

मारोतरावांनी सगळ्यांच्या चहात साखर जास्त घातली आणि कुसुमताईंनी ती घालू दिली.

तुमचा फोन, वाचक महाशय, बोट लावताच उघडतो, हे आम्हांला कळले आहे. अभिनंदन. फक्त सोसायटीच्या नोंदवहीसाठी एक रकाना भरून द्यावा: गेल्या महिन्यात काही काम नसताना तुमच्या घरी कोण येऊन बसले होते? आठवायला वेळ लागला तरी हरकत नाही. रिकामा दिला तरी चालेल, आतापर्यंत सगळ्यांनी तसाच दिला आहे.