मौजे डुलुथचा पंचनामा

सोमकुंवर पटवाऱ्यांच्या अंगणात अमेरिकेतलं एक अख्खं शहर चुन्याने आखलेलं होतं. सौंसरला आमची घरं समोरासमोर, अंगण सामायिक आणि नळ त्यांच्या बाजूला. त्यामुळे सकाळी बादली घेऊन निघालो की मला त्या शहरातून जावं लागे. पहिल्याच दिवशी ते ओसरीवरून ओरडले, "मास्तर! तलावात चालून राह्यले ना तुम्ही! पुलावरून या, पुलावरून!"

पूल म्हणजे दोन विटांवर ठेवलेली एक फळी. तिच्या दोन्ही टोकांना बांबू रोवलेले आणि बांबूंवरून दोर. खऱ्या शहरातला लोखंडी पूल जहाज आलं की अख्खाच्या अख्खा वर उचलला जातो, म्हणून हाही उचलला जायचा. मी भरलेली बादली घेऊन परत निघालो आणि नेमकं तेव्हा सोमकुंवरकाकांच्या मनात जहाज आलं, की मला थांबावं लागे. सौंसरच्या रेल्वे फाटकावर मी आयुष्यात जेवढा थांबलो नसेन, तेवढा त्या फळीपाशी थांबलो. शेजारची कोंबडी मात्र तलावातून खुशाल जायची. तिला कोणी हटकत नसे.

काका रिटायर झालेले पटवारी. कोणाची जमीन कुठून कुठवर आणि कोणाचा बांध कोणी कोरला, याचे नकाशे नि दफ्तरं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बोरगाव, मोहगावकडची गावं त्यांनी सायकलवर पालथी घातली. प्रत्यक्ष जागेला आमच्याकडे 'मौका' म्हणतात, आणि मौका पाहिल्याशिवाय कागदावर सही करायची नाही हा त्यांचा नेम. नोकरी संपली, नेम राहिला. कोणी म्हणालं की जामसांवलीला आज दर्शनाला फार गर्दी आहे, तर लगेच, "मौका पाह्यला का?" माझ्या बायकोने एकदा सहज सांगितलं की आज वरणात मीठ जास्त पडलं. हे वाटी घेऊन हजर.

मी इथल्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून आलो, तेव्हा त्यांनी न सांगता माझं घर साखळीने मोजलं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की तुमचं स्वयंपाकघर दीड हात सरकारी जागेत आहे. मी हादरलो. "घाबरू नका," ते म्हणाले, "वहिनी पोया आपल्याच जमिनीत लाटून राह्यल्या. फक्त डबे सरकारी जागेत हायेत." तेव्हापासून माझी बायको डाळीचा डबा काढताना उगीच मागे वळून पाहते.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीला अमेरिकेतलं स्थळ आलं.

मुलगी सुजाता. बी.एस्सी. झालेली, हसरी, बापाच्या सगळ्या खोड्या ठाऊक असलेली. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. काकांनी दुसरं लग्न केलं नाही. सायकलच्या दांडीवर तिला बसवून ते मोजणीला जायचे, आणि जरीब ओढताना त्या साखळीचं दुसरं टोक धरायला तिलाच उभं करायचे. मुलगा पांढुर्ण्याचा, डुलुथ नावाच्या शहरात कॉलेजात शिकवणारा. सुटीत आला, पाहून गेला. त्याला ती आवडली, तिला तो आवडला. देण्याघेण्याचं नाव नाही. मुलाकडच्यांनी एवढंच म्हटलं की तो पुन्हा मे महिन्यात येईल, त्याआधी हो की नाही ते कळवा.

दुसरा कोणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. काका म्हणाले, "आपल्यात पत्रिका पाहत नाईत, मास्तर. मंग मौका तरी पाहाले पाहिजे का नाई? पोरगी देताना बाप त्या गावाले जाते. तिथं जेवते, तिथल्या विहिरीत डोकावते. मी कुठी डोकावू?"

डुलुथला डोकावायला जाण्याएवढी पेन्शन कोणत्याच पटवाऱ्याला नसते. म्हणून त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. पत्ता सांगितला: पटवारी, मौजे डुलुथ, अमेरिका.

"काका, तिथे पटवारी नसतो," मी म्हणालो.

"जमीन हाये ना तिथं?"

"आहे."

"मंग? बिना पटवाऱ्याची जमीन कशी राहीन?"

मी तसाच पत्ता लिहिला. पत्रात चौदा प्रश्न होते. पिण्याचं पाणी घरापासून किती पावलांवर? पुराचं पाणी कुठवर चढतं? गावात मोकाट जनावरं आहेत काय? शेजारी भांडखोर असल्यास त्यांची नावं कळवावीत. मी नेकीने सगळ्याचं इंग्रजी केलं आणि पोस्टात टाकताना पोस्टमास्तरांची नजर चुकवली.

दीड महिन्याने उत्तर आलं! तिथल्या नगरपालिकेच्या नकाशांच्या खोलीतल्या एका बाईंनी लिहिलं होतं. आमच्याकडे पटवारी नाही, पण तुमचं पाकीट सगळ्या टेबलांवरून फिरून माझ्या टेबलावर आलं आणि इथून पुढे जायला टेबल नाही, तेव्हा तो मान मीच घेते. सोबत शहराचा मोठा नकाशा. चौदाही प्रश्नांची उत्तरं क्रमाने. काकांनी नकाशा डोळ्यांना लावला. "पाह्यलं? पटवारीणबाई हाये." त्याच दुपारी त्यांनी चुना भिजवला.

तर डुलुथ असं होतं. एका बाजूला डोंगर आणि डोंगरावरून थेट तलावात उतरणारे रस्ते. डोंगर म्हणजे आमच्या अंगणातला शेणखताचा ढीग. तलाव नळापासून माझ्या दारापर्यंत. खरं तर अंगण पुरलं नव्हतं. "मास्तर, ह्या तलावात सहा छिंदवाडा जिल्हे बुडतेत," काका नकाशावर पट्टी ठेवून म्हणाले, "आन् पानी गोड!" आपल्याकडे मँगनीज निघतं तसं तिकडे लोखंड निघतं, ते जहाजांत भरून जातं. पुलापलीकडे वाळूची लांबच लांब चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर मुलाचं घर. तिथे काकांनी वीट ठेवली आणि तिच्यावर खडूने 'जावई' असं लिहिलं. मग पुसून 'मुलगा' केलं. अजून सही झाली नव्हती.

हरकती मात्र त्यांना एकामागून एक सुचत गेल्या. घराच्या दोन्ही अंगांना पाणी, म्हणजे हे डुबीचं क्षेत्र. पुन्हा पत्र. बाईंचं उत्तर आलं की ती घरं कितीतरी वर्षांची आहेत आणि माझी मावशी तिथेच राहते. पूल वर असताना पोरगी आजारी पडली तर? उत्तर आलं की पूल थोड्या वेळात खाली येतो. तोवर लोक गाडीत बसून पुस्तक वाचतात. हिवाळ्यात पाणी गोठलं तर? नळ घरातच, तलावाचं पाणी, बारा महिने. हे उत्तर मी वाचलं तेव्हा मला वाटलं काका खूश होतील. आमच्या नळाला एक दिवसाआड पाणी! पण त्यांनी नुसती मान हलवली आणि आत जाऊन पडले.

एका पत्रात मात्र बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं की कधीमधी अस्वल डोंगरावरून वस्तीत उतरतं आणि कचऱ्याचे डबे हुंगतं. काका उठून उभे राहिले. कित्येक दिवसांत मी त्यांना एवढं आनंदात पाहिलं नव्हतं.

"अस्वल, मास्तर! अस्वल!"

"बाबा," आतून सुजाता म्हणाली, "तामियाकडे नाईत का अस्वलं? तुमी तर तिकडे माह्यासाठी पोरगा पाहून राह्यले होते."

काका खाली बसले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस मी समजत होतो की हा विक्षिप्त म्हातारा शहर पारखून घेतोय. तो खोट शोधत होता. एक खोट सापडली असती तर पोरगी घरी राहिली असती, आणि ते मेलं शहर काही केल्या वाईट निघत नव्हतं. मी रोज त्यांच्या पुलावर हसलो होतो. मला लाज वाटली.

एप्रिल उजाडला. नळावर सुजाता भेटली. हंडा भरून वाहत होता, तिचं लक्ष नव्हतं. "सर, बाबानं नाई म्हनलं तर मी नाई जानार," ती म्हणाली. "खरंच नाई जानार. पन त्याइनं तोंडानं म्हनाव ना. त्या तलावाले कायले पुढे करून राह्यले?"

हे मी काकांना सांगितलं, शब्द न शब्द. त्यांनी उठून पुलाची फळी खाली सोडली. मग म्हणाले, "उद्या सांजच्याले पंचनामा करू. कोटवाराले निरोप द्या."

दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठावर सतरंजी पसरली. पंच आम्ही पाच: मी, पोस्टमास्तर आणि गल्लीतले तिघे. गावात दवंडी देणारा म्हातारा कोटवार पट्टा-बिल्ला लावून आला होता. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी अंगणभर फिरून एकेक जागा दाखवली, पूल एकदा वर करून खाली केला आणि ताव लिहायला घेतला. पाणी उत्तम. रस्ते उत्तम. पूर नाही. शेजार चांगला, पटवारीणबाईंच्या मावशीचा. अस्वल किरकोळ. पोस्टमास्तरांना हसू आवरत नव्हतं. सुजाता दारात उभी होती, ती हसत नव्हती.

शेवटी रीतीप्रमाणे हरकती मागवायच्या होत्या. काकांनी खूण केली. कोटवार उभा राहिला आणि गावात देतो तशी हाक दिली, "कोनाची हरकत असन तं सांगा होऽऽ!"

त्याने दुसऱ्यांदा हाक दिली. काकांची लेखणी कागदापासून वर तशीच थांबलेली. तिसरी हाक झाली. रीतीप्रमाणे आता लिहून मोकळं व्हायचं असतं, पण काका लिहीनात. ते सुजाताकडे पाहत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती दारातून हलली नाही आणि तिने नजरही खाली केली नाही. कोटवाराला कळेना की चौथी हाक द्यायची का. पोस्टमास्तरांचं हसू कधीच विरलं होतं.

मग काका वाकले, दोन ओळी भरभर लिहिल्या आणि ताव माझ्यापुढे सरकवला. "करा सही, मास्तर."

मी वाचलं. 'हरकत एक आली, तोंडी. हरकतदाराने ती आपल्या मर्जीने मागे घेतली.'

पुढे हरकतदाराचं नाव लिहायला जागा सोडली होती आणि ती कोरीच होती. अर्धवट कागदावर त्यांनी जन्मात कोणाची सही घेतली नव्हती. हरकतदार समोरच लेखणी धरून बसला होता. मी खाली सही केली आणि ताव पोस्टमास्तरांकडे दिला.