सात वाड्या, एकच 'गाव'

शिरूकाकांच्या कॉम्प्युटरवर सात फायली आहेत आणि सातही फायलींचं नाव एकच : 'गाव'.

शिरूकाका माझे चुलते. मुंबईत एका कंपनीत कॉम्प्युटरवर माहिती भरता भरता निवृत्त झाले आणि पोलादपूरच्या बाजारात खोली घेऊन राहिले. तिथे टॉवेल पांघरून जो खोका घरघरत असतो, त्याला ते 'सर्व्हर' म्हणतात. सात वाड्यांची घरं, माणसं, मुंबईतले फोन नंबर आणि शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारी जाणार तो क्रम, सगळं त्यात. प्रत्येक वाडीचा फोल्डर वेगळा. आत फाईल मात्र 'गाव'.

मी महाडला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणजे मुलं मला सांभाळून घेतात. त्या अधिकारात एकदा म्हणालो, "काका, 'गाव एक', 'गाव दोन' अशी नावं द्या की."

"आणि दोन नंबर कुणाला देऊ? वरच्या वाडीत जाऊन तू सांगतोस? धड परत नाय यायचास." मग, "घराघरात आई असते. तिला आई एक, आई दोन म्हणतोस काय रे? उंबरठा वेगळा, बास!"

यंदा शिमगा पंधरा दिवसांवर आला आणि खोका आचके देऊ लागला. नवा आणला. फायली हलवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. एकेक फोल्डर उघडून आतली फाईल पेनड्राइव्हवर टाकत गेलो. दुसऱ्या फाईलपासून मशीन दर वेळी विचारी, 'या नावाची फाईल आहे, तिच्या जागी ही ठेवू?' मी रुबाबात 'हो' म्हणे. मग जुना खोका पुसून लख्ख केला.

पेनड्राइव्हवर एकच 'गाव' निघालं. शेवटचं. सहा वाड्या गेल्या.

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. "उंबरठे मोडलेस रे," एवढंच म्हणाले.

पाच वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना पालखीचा क्रम तोंडपाठ. त्यांच्या याद्या दोन दिवसांत पुन्हा उभ्या राहिल्या. उरली आंबेनळी घाटाखालची आमची वाडी. अकरा घरं, अकरा कुलपं. दर वर्षी पालखी वर येते तेव्हा काकाच एकेका बंद दारापुढे नारळ ठेवतात आणि घरधन्याचं नाव घेतात.

"ती तर तुम्हाला पाठ आहे," मी म्हणालो.

"घरं पाठ हायेत. माणसं वाढली असतील."

जुन्या डायरीतून आमच्या वाडीतल्या एकाचा मुंबईचा नंबर निघाला. काकांनी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला, आणि स्पीकर लावला.

"कोण, वश्या? मी शिरू. यादी भरतोय. नातवंडं किती, नावं सांग."

"शिऱ्या! जिवंत हायस?" काकांना 'शिऱ्या' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. "पालखी येते काय रे अजून वर?"

"येते. कुलपांना भेटून जाते."

पलीकडे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. मग, "औंदा दार उघडतो."

वश्यानं पुढचा नंबर दिला, त्यानं त्याच्या पुढचा.

शिमग्याला अकरातली चार दारं उघडी होती. वश्याच्या सुनेनं पालखी ओवाळली. काकांच्या हातात त्या चार दारांपुरतं काहीच काम नव्हतं; ते मागे उभे राहून नातवंडांची नावं यादीशी ताडून बघत होते. मी पुन्हा एकदा माफी मागितली.

"गप रे," काका म्हणाले. "बरं झालं पुसलंस. इतकी वर्षं नंबर जपून ठेवले होते ना, म्हणून फोन करायचा राहून गेला."