यंत्राची कानटोपी

"यंत्राची काळजी कशी घ्यायची ते तू मला शिकवू नकोस! अख्खी हयात गोदीच्या वर्कशॉपात गेली माझी!" हेरंब लाहिडींनी फोनवर लेकीला ठणकावलं. "जाळी साबणाच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली, बॅटरी पूर्ण भरली. आज मी अड्ड्यावर जाणार म्हणजे जाणार!"

तिकडे हैदराबादला तिस्ताने कपाळावर हात मारून घेतला असेल. पण हेरंबबाबूंचंही ऐका. फुप्फुसांनी दगा दिल्यापासून ते पलंगाशेजारच्या मोठ्या ऑक्सिजन यंत्राला बांधलेले. नळी जेमतेम खिडकीपर्यंत पोचायची. गल्लीच्या तोंडाशी पंचूची चहाची टपरी, तिथे रोज जमणारा दोस्तांचा अड्डा. दोस्त आधी वर यायचे. मग जिना आडवा आला, मग गुडघे. बायको सुवर्णा तर केव्हाच गेलेली. भांडायला कुणी उरलं नाही म्हणून माणूस यंत्राशी भांडायला लागला होता! आता लेकीने खांद्याला अडकवायचं छोटं यंत्र पाठवलं, तेव्हा कुठे सुटकेची आशा दिसली.

निघताना बाहेर पाहिलं तर पौषाचं दाट धुकं. यंत्र चालू केलं. ते थरथरायला लागलं.

"अरेरे, कुडकुडतंय बिचारं!"

आता यंत्र चालू झालं की थोडं थरथरणारच, हे वर्कशॉपातल्या माणसाला कळायला नको? पण हवा जरा गार झाली की कलकत्त्याच्या माणसाचं डोकं चालायचं थांबतं, ते थेट कानटोपीतच शिरतं. सुवर्णा तर कान झाकल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही. तिने विणलेल्या दोन कानटोप्या कपाटात होत्या. एक हेरंबबाबूंनी स्वतः घातली, दुसरी यंत्राला. मापाने शिवल्यासारखी बसली! तोंडाच्या भोकातून बटणसुद्धा दिसत होतं.

"चला!" ते यंत्राला म्हणाले.

जिना उतरले. अर्धी गल्ली पार झाली. टपरीवरच्या उकळत्या चहाचा वास आला आणि हेरंबबाबूंचा जीव नुसता सुपाएवढा झाला. तेवढ्यात बगलेत चटका बसला आणि यंत्राने बोंब ठोकली. टीं टीं टीं!

तळमजल्यावरच्या मिनती बौदी, म्हणजे अख्ख्या गल्लीच्या वहिनी, धावत आल्या. यंत्राला हात लावून पाहिला. "अगं बाई! चांगलंच तापलंय की!"

टपरीवरून पटलदा पळत आला. हा हेरंबबाबूंचा शाळेपासूनचा दोस्त. "थंडी बाधली, दुसरं काय! माझ्या खिशात होमिओपॅथीच्या गोळ्या आहेत."

"यंत्राला गोळ्या देतोस, मेल्या?" बौदी ओरडल्या.

"यंत्राला कशाला? हेरंबला! मुळावर घाव घालायचा!"

कुणीतरी स्वतःचा मफलर काढून यंत्राभोवती आणखी गुंडाळला. यंत्र दुप्पट किंचाळलं आणि बंद पडलं. हेरंबबाबूंना धाप लागली. टपरी तिकडे, असं त्यांनी बोटाने दाखवलं.

"हो हो, खुर्ची आणतोच तिथून!" पटलदा म्हणाला. खुर्ची आली, हेरंबबाबू तिच्यात बसले आणि चौघांनी खुर्चीसकट त्यांना उचललं. टपरी चार पावलांवर, आणि वरात निघाली उलट, घराकडे!

मोठ्या यंत्राची नळी नाकाला लागली, जीव थाऱ्यावर आला. पाहतात तर खोली माणसांनी गच्च भरलेली! मिनती बौदींनी चहा टाकला. पंचू बिस्किटांची बरणीच घेऊन आला. फुटबॉलवरून हमरीतुमरी, इलिश मासा कुठला चांगला यावर तंटा. रंगात येऊन पटलदाने विडी काढली, तेव्हा सगळे एकसुरात ओरडले, "ऑक्सिजन आहे, गाढवा!" हेरंबबाबू इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी कुणी त्यांच्या बिछान्यावर चहा सांडला होता!

एवढ्यात कुणाला तरी सद्बुद्धी सुचली आणि त्याने सर्व्हिसवाल्याला फोन लावला. पोरगा दार्जिलिंगचा, म्हणजे थंडी कशाला म्हणतात ते ठाऊक असलेला.

"काका, यंत्रावर काही झाकलंय का?"

"छे! काहीसुद्धा नाही. फक्त कानटोपी."

"कानटोपी?" पोराने पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"आणि मफलर," पटलदाने प्रामाणिकपणे भर घातली.

"काढा. दोन्ही काढा! त्याला हवा आत घ्यायला जागा ठेवा. जाळीत लोकर अडकली असेल, ती धुऊन नीट वाळवा. तोवर चालू करू नका."

कानटोपी काढली. यंत्र निवलं. वाळलेली जाळी बसवून बटण दाबलं, तर निमूटपणे थरथरायला लागलं.

"झालं की! काहीच नव्हतं!" पटलदा उठला. बौदींना डाळ टाकायची होती, पंचूची टपरी उघडी पडली होती. खोली बघता बघता रिकामी झाली. पटलदा दारातून वळला, तेव्हा हेरंबबाबूंना आशा वाटली. पण तो मफलर न्यायला आला होता.

संध्याकाळी तिस्ताचा फोन आला. "बाबा, गेलात का अड्ड्यावर?"

"मी कशाला जातोय? अड्डाच घरी आला! बसायला जागा नव्हती!"

"अय्या! मग आता?"

हेरंबबाबूंनी रिकाम्या कपांकडे पाहिलं. "आता गेले सगळे."

"का हो? यंत्र बिघडलं का?"

"नाही गं पोरी," ते कानटोपीची घडी घालत म्हणाले, "दुरुस्त झालं."