धोंड्याच्या महिन्यातला सामना

जावयाला इतकं खाऊ घालायचं की त्याला धड उभंही राहता येऊ नये, असा गेणभाऊंचा बेत होता.

साल एकोणीसशे चार. पुण्याच्या साहेबलोकांनी फुटबॉलच्या संघांचे दोन वर्ग पाडले होते, वरचा आणि खालचा. हंगाम संपला तसा खालच्या वर्गातला पहिला संघ आपसूक वर चढला. वरची आणखी एक जागा रिकामी होती. तिच्यासाठी दुसरा आणि तिसरा, म्हणजे मंचर आणि आळे, यांनी शेवटचा एक सामना खेळायचा होता. वर चढणाऱ्या संघाच्या कारभाऱ्याला पुण्यात साहेबांच्या रांगेत खुर्ची मिळायची. मंचरचे कारभारी गेणभाऊ. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, सगळा जीव त्या खुर्चीत अडकला होता. आळ्याचे कारभारी त्यांचे व्याही. आपण उभे आणि व्याही खुर्चीत, ह्या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

आळ्याची सारी मदार गोलकीपर बहिरूवर, आणि बहिरू गेणभाऊंचा जावई. त्यात सामना आला धोंड्याच्या महिन्यात. ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याचे पाय धुवायचे, वाण द्यायचं, आणि तो ‘पुरे’ म्हणेल तिथून पुढं वाढायचं. गेणभाऊंनी त्याला नेमकं सामन्याच्या सकाळीच जेवायला बोलावलं आणि तूप आणायला सुवालालशेठचं दुकान गाठलं.

“येवढं तूप?” शेठनं विचारलं. “जावई येक हाय का धा?”

“येकच हाय. पण तुडुंब भरला पायजे.”

सोनीबाईंना मात्र भरून आलं. लेकीच्या लग्नात लाडू मोजून वाढणारा आपला नवरा सुधारला, असं त्या माउलीला वाटलं. त्यांनी जावयाचे पाय धुतले, अनारशांचं ताट पुढं ठेवलं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवले. बहिरूनं हात आखडला.

“मामा, मेव्हण्याबिगर घास उतरत न्हाई बगा.”

मेव्हणा म्हणजे गेणभाऊंचा हौशीराम, मंचरचा गोल मारणारा एकुलता एक गडी. नाही कसं म्हणणार? तोही पाटावर बसला. जावयाच्या ताटात धोंडा पडला की त्याच्याही ताटात पडायचा.

दुपारी माळावर सामना सुरू झाला. बहिरू आधी खांबाला टेकला, मग बसला, मग तोंडावर उपरणं घेऊन चक्क आडवा झाला. गेणभाऊ मनातल्या मनात खुर्चीत बसले. आळ्याच्या गोलकीपरला झोप लागली, ही बातमी मैदानभर झाली, आणि मंचरचा गोलकीपरही ती मौज बघायला निम्मं मैदान ओलांडून आला. शेवटी धापा टाकत हौशीराम चेंडू घेऊन तिथं पोचला. समोर उघडा गोल आणि घोरणारा दाजी. त्यानं पाय उचलला.

“हौश्या, थांब,” कडेच्या बायकांतून सोनीबाई म्हणाल्या. “सकाळी ज्येचं पाय धुतलं, त्येच्याकडं लाथ उडवतोस व्हय?”

“आई, लाथ चेंडूला हाय. दाजींना न्हाई.”

“आन् लागला म्हंजी? जावई रुसला, पोरीला घरी धाडली, तर तू नांदवणार हायेस का तिला?”

“अगं, खेळ हाय त्यो,” गेणभाऊ मधे पडले.

“तुमी गप ऱ्हावा. जावयासाठी येवढं तूप तुमीच आणलंत न्हवं?”

तूप कशासाठी आणलं ते गेणभाऊंना सांगता येईना. 

“मंग हातानं सरकवू का?” हौशीरामनं विचारलं.

“हातानं चालंल.”

आईला चाललं, पंचाला चाललं नाही. त्यानं शिट्टी फुंकून चेंडू आळ्याला दिला. आळ्याच्या पोरांनी तो थेट दुसऱ्या टोकाला पळवला. तिथं गोलात चिटपाखरूही नव्हतं. सामन्यात झाला तो तेवढाच गोल.

निघताना बहिरू डोळे चोळत सासऱ्याच्या पाया पडला. “मामा, ही समदी तुमच्या धोंड्यांची किरपा. पोटाला आधार व्हता म्हणून येकबी गोल होऊ दिला न्हाई. आता हंगामभर पुण्याला खेटं. वाट तुमच्या दारावरनंच जाती. पोरं म्हणत्यात, जाताना येक पंगत मामांकडं, येताना येक.”

“या की,” गेणभाऊ म्हणाले. मागं सोनीबाई उभ्या होत्या, दुसरं काय म्हणणार?

पुढचा हंगाम सुरू झाला तसे गेणभाऊ पुन्हा सुवालालशेठच्या दुकानात आले आणि तुपाची मोठी कासंडी पुढं केली. शेठनं ती खालवर बघितली.

“आता जावई किती?”

“अकरा,” गेणभाऊ म्हणाले.