सासऱ्यांचा राक्षस उलट पावली

पडेल सिनेमांची पारख आमच्या गावात एकट्या मला आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो! ज्यात भूकंप म्हटला की नुसता कॅमेरा हलतो, अशा सिनेमावर माझा जीव जडतो. जाणकार याला 'कल्ट' म्हणतात, बायको 'भंगार' म्हणते. आता मी ते भंगारवाल्याकडूनच आणतो म्हटल्यावर तिला काय बोलणार!

तिथेच मला 'तळ्यातलं संकट' सापडला. सत्तर वर्षांपूर्वी चार दमड्यांत काढलेला आणि दुसऱ्याच दिवशी उतरवलेला सिनेमा. त्यातला राक्षस म्हणजे साक्षात माझे सासरे! अंगावर सायकलच्या ट्यूबा, डोक्यावर फाटकी गादी आणि मनगटावर घड्याळ. पहिल्याच खेळाला लोक पोट धरधरून हसले. त्यानंतर सासरे कुठल्याही थिएटरची पायरी चढले नाहीत. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कधी 'जावईबापू' म्हणाले नाहीत. मी आपला 'हिचा नवरा'!

मी ठरवलं, वाचनालयाच्या हॉलमध्ये खेळ लावायचा, नव्वदीच्या सासऱ्यांना मानाने बसवायचं आणि त्यांच्या तोंडून ते एक 'जावईबापू' वसूल करायचं! दात घासता घासताच सिनेमाच्या जुन्या मशीनवाल्या ऑपरेटरला फोन लावला.

"कल्ट सिनेमा दाखवायचाय!"

"उलट?"

"हो, हो, कल्ट!" माझ्या तोंडात फेस मावत नव्हता.

"अख्खा उलट?"

"अख्खा! मधे अजिबात थांबायचं नाही!"

"बरं बाबा, तुमची हौस!"

संध्याकाळी हॉल भरला. सासरे पहिल्या रांगेत, दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून बसलेले. मी भाषण ठोकलं, दिवे मालवले आणि पडद्यावर आधी उमटलं, 'समाप्त'!

मेलेला राक्षस टुणकन उठला. त्याच्या छातीतला भाला उडून नायकाच्या हातात गेला. मी धावतच मशीनकडे गेलो.

"अहो, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात, अख्खा उलट!"

"बंद करा!"

"मधे थांबायचं नाही, हेही तुम्हीच म्हणालात!"

सासऱ्यांची मान वळली. माझी पाचावर धारण बसली. मी भर हॉलमध्ये ओरडलो, "मंडळी, यात माझा काडीचाही संबंध नाही! सगळं या ऑपरेटरचं डोकं!"

"गप बसा हो!" कुणीतरी खेकसलं. "बघू द्या!"

तिकडे राक्षस एकेक गावकरी तोंडातून बाहेर काढून अलगद उभा करत होता. पेटलेल्या झोपडीची आग त्याने एका दमात गिळून टाकली. टाळ्या पडल्या! शेवटी नायिकेला सुखरूप तिच्या घरी सोडून, सगळ्यांकडे बघत, तो उलट पावली तळ्यात शिरला. मागच्या एका आजीबाईंनी तर डोळे पुसले.

दिवे लागले. सासरे थरथरत उभे राहिले.

"जन्मभर राक्षस म्हणून हसं झालं माझं," ते म्हणाले. "आज कळलं, मी किती भला माणूस होतो!"

हात पसरून ते माझ्या दिशेने निघाले. मी वाकलो, कान तयार ठेवले.

"सरका हो, हिचा नवरा!" म्हणत ते मला ओलांडून गेले आणि त्यांनी ऑपरेटरचे दोन्ही हात धरले. "काय डोकं आहे तुमचं! लग्न झालंय का हो?"

सासऱ्यांना मुलगी एकच. ती माझ्या शेजारीच उभी होती आणि माझ्याइतकीच कान टवकारून उत्तराची वाट बघत होती!