शब्दाचे साथीदार

शब्द एकटा दिसला की गावंडे सरांना संशय यायचा.

"हा एकटाच काहून उभा हाये?" फळ्यावर एक शब्द लिहून ते नववी ब ला विचारायचे. "शब्द कधी एकटा येत नसते. याचे साथीदार कुठं लपले? शोधा!"

मग मुलं एकेक साथीदार पकडून द्यायची. सर त्या शब्दाभोवती गोल काढायचे, गोलाला फांद्या फोडायचे आणि पकडलेल्याला फांदीवर लटकवायचे. तास संपेपर्यंत फळ्यावर मोठं कोळिष्टक तयार व्हायचं. याला माइंड मॅप म्हणतात, असं सर सांगायचे. मुलं म्हणायची 'सरांचं जाळं'.

आमची शाळा दिग्रसची. मी मराठी शिकवते, गावंडे सर इंग्रजी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे त्यांच्या संशयी स्वभावाचा पहिला लाभ मलाच. चहा आला की ते स्वतःचा कप माझ्याकडे सरकवायचे आणि माझा घ्यायचे. "तसं काही नाही मॅडम, पण मले डाऊट येऊन राह्यला." इतक्या वर्षांत आमच्या शाळेच्या चहानं कोणी दगावलं नव्हतं. पण माझा कप नेहमी दोन घोट जास्त भरलेला असायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्यांच्या स्कूटरला दोन कुलपं असायची. ती लावून पायऱ्या चढायचे आणि तिसऱ्या पायरीवरून परत जाऊन ओढून बघायचे. हजेरी घेताना नुसतं 'हजर सर' ऐकून भागायचं नाही, मान वर करून चेहरा तपासायचे. एकदा शिक्षणाधिकारी तपासणीला आले, तर सरांनी त्यांनाच ओळखपत्र मागितलं. साहेबांनी दाखवलं. सरांनी फोटो आणि चेहरा दोन वेळा ताडून पाहिला आणि म्हणाले, "फोटो जुना हाये साहेब."

हे जाळ्याचं खूळ दोन वर्षांपूर्वीचं. यवतमाळला भाषाशिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण म्हणजे जेवणापर्यंत जागायचं आणि जेवणानंतर डोळे उघडे ठेवून झोपायचं, एवढं आम्हा सगळ्यांना चांगलं जमतं. शेवटच्या दिवशी एका बाईंनी माइंड मॅप शिकवला. शब्द घोकायचे नाहीत, एकाला धरून दुसरा, दुसऱ्याला धरून तिसरा असे जोडायचे, म्हणजे डोक्यात राहतात. आम्ही टाळ्या वाजवल्या, प्रमाणपत्रं घेतली आणि एसटी स्टँडकडे धावलो. गावंडे सर मागेच. जाऊन पाहते तर बाईंना एका कोपऱ्यात अडवून विचारत होते, "हे कोणत्याही भाषेले चालते का? जिची पुस्तकं नाहीत तिलेही?"

इंग्रजीच्या मास्तरला हे कशाला हवं? मला तेव्हाच जरा विचित्र वाटलं.

त्या दिवसापासून सर कागद जमवू लागले. लग्नपत्रिकांचे कोरे मागचे भाग, जुन्या कॅलेंडरची पानं, पोस्टरच्या पाठी. गावात कोणाचंही लग्न असो, सर मंडपात नसले तरी पत्रिका त्यांच्या पिशवीत. आमचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, ते हसायचे. "गावंडे, परीक्षेत मुलं उत्तरं लिहितील की झाडं काढतील?"

खरं सांगायचं तर मीही हसायचे. पण नाझिया नावाची एक मुलगी होती. तिच्या वडलांचं पंक्चरचं दुकान. वर्षभरात इंग्रजीच्या तासाला तिनं तोंड उघडलं नव्हतं. सरांनी एक दिवस फळ्याच्या मधोमध 'टायर' लिहिलं आणि खडू तिच्या हातात दिला. पोरीनं हवा, पंप, खिळा, ट्यूब, रस्ता, घाम असं करत करत फळा भरला, आणि शेवटच्या फांदीवर लिहिलं, 'वेट'. का म्हणून विचारलं तर उभी राहून, अडखळत, पण इंग्रजीत म्हणाली की गिऱ्हाईक थांबतं, वडील कधी थांबत नाहीत. मी व्हरांड्यातून ऐकत होते. माझ्या मराठीच्या तासाला ती अजून 'येस मॅडम' पलीकडे गेली नव्हती. मला सरांचं कौतुक वाटलं, आणि त्याच्यापेक्षा थोडा जास्त हेवा.

हेवा आला की संशयाला वेळ लागत नाही. सरांकडे एक पिवळी फाइल होती. मधल्या सुट्टीत ते ती उघडायचे, काहीतरी पुटपुटत बसायचे, आणि कोणी जवळ आलं की फटकन मिटायचे. मी दोनदा डोकावले. दोन्ही वेळा त्यांनी फाइलवर डबा ठेवला. शनिवारी दुपारी ते स्टँडवर बसलेले दिसायचे, पण कोणत्याच गाडीत चढायचे नाहीत. आयाबायांशी बोलायचे, खिशातून कागद काढून काही टिपायचे आणि घरी जायचे. बायको वारल्यापासून माणूस एकटा. एकट्या माणसाबद्दल गावाला काय काय वाटू शकतं, ते मी वेगळं सांगायला नको.

मी हे मोठ्या सरांच्या कानावर घातलं. अजूनही आठवलं की लाज वाटते. मोठे सर म्हणाले, "लक्ष ठेवा. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे."

आणि आठवड्याभरात शाळेत पोलीस आले.

मधली सुट्टी नुकतीच झाली होती. दोन शिपाई व्हरांड्यात उभे राहून विचारू लागले, "गावंडे कोण?" सरांनी आधी त्यांची ओळखपत्रं पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमी चला संग. मले या लोकायचा भरोसा नाही." मोठ्या सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, बघा, मी म्हटलं नव्हतं? म्हटलं मी होतं. पण मी गेले.

ठाण्यात जमादारांच्या टेबलावर एक लग्नपत्रिका पडली होती. मेन रोडवरच्या बँकेच्या गार्डला ती दारासमोर सापडली होती. तो गार्डही तिथंच बसला होता, फार रागात. पत्रिकेच्या मागे मधोमध मोठ्या अक्षरांत इंग्रजीत 'बँक' लिहिलेलं आणि चारी बाजूंना फांद्या: गार्ड, बंदूक, म्हातारा, झोपतो. दार, दोन कुलपं. सकाळ, रोकड, गाडी. रन. आणि पत्रिकेच्या पुढच्या बाजूला, जिथं निमंत्रिताचं नाव असतं तिथं, सुवाच्य अक्षरात: 'श्री. गावंडे सर, सहकुटुंब सहपरिवार'.

एवढा मोठा दरोडेखोर इतका सहज सापडल्याचं जमादारांनाच नवल वाटत होतं.

"हा काय प्लॅन हाये?" त्यांनी विचारलं.

"प्लॅन नाही जी, पाठ हाये. पासबुक छापाच्या रांगेत उभा होतो, तवा काढला."

"मंग हे 'रन' कायले लिवलं? रन म्हणजे पळणं. मले येते तेवढं इंग्रजी."

"बँकेवर रन येते, साहेब. म्हणजे लोकायचा भरोसा उठला का सारे पैसे काढाले धावते."

"आन् ही नदी?" कोपऱ्यातल्या फांदीवर बोट.

"नदीच्या काठालेही इंग्रजीत बँकच म्हणते."

जमादार मागे रेलले. "म्हणजे रोकड घ्याची आन् नदीवाटे पळाचं."

मला हसू दाबणं कठीण झालं. गार्डला मात्र दरोड्याचं काही नव्हतं. तो एकच धरून बसला होता. "मी झोपतो हे कोन सांगतलं याले?"

"मी पाह्यलं," सर म्हणाले.

"एका दिवशी डोळा लागला आसन!"

"मंग ते साध्या वर्तमानकाळात नाही चालत," सर गंभीरपणे म्हणाले. "ते रोजच्या सवयीले वापरते. मी दुरुस्त करून देतो." आणि खरोखरच खिशातून पेन काढून ते दुरुस्त करू लागले.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण जमादारांनी शेवटचं म्हणून सरांची पिशवी उघडायला सांगितली. पेन्सिली निघाल्या, खडू निघाला, डबा निघाला. मग पिवळी फाइल. सरांनी ती दोन्ही हातांनी दाबून धरली.

"हे शाळेचं नाही," ते म्हणाले. "हे नका पाहू."

इतकी वर्षं मी या माणसाला जगावर संशय घेताना पाहत होते. घाबरलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. माझं मन म्हणालं, बघ, तुझा अंदाज खरा निघाला. आणि त्याच वेळी वाटलं, निघू नये.

जमादारांनी फाइल ओढून घेतली. आत वीस-पंचवीस जाळी होती. अक्षरं आपलीच, देवनागरी. पण शब्द कळेनात. जमादारांनी एकदा उलटा धरून पाहिला कागद. "हे मराठी नाही, हिंदी नाही. कोड हाये का कोणता?"

सरांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

दाराशी राठोड नावाचे एक पोक्त हवालदार उभे होते. ते पुढे आले, खांद्यावरून वाकून पाहिलं. "कोड नाही साहेब," ते म्हणाले. "आमची भाषा हाये. गोरबोली. बंजाऱ्यायची." आणि ते वाचू लागले. "मंधात लिवलं छोरी. म्हणजे पोरगी. ह्या फांदीवर आव, म्हणजे ये. बेस, म्हणजे बस. हिकडे याडी, म्हणजे माय. बाटी, म्हणजे भाकर. पाणी..." पान उलटलं. तिथं लहान लेकराला विचारायचे प्रश्न होते. जेवली का, कोणाशी खेळतेस, माझ्याजवळ येतेस का. राठोडांचा आवाज हळूहळू उतरत गेला. शेवटच्या कागदावर ते थांबले. तिथं एकाच फांदीवर मराठी शब्द होता, 'चुकलो', आणि त्यापुढे जागा रिकामी.

"हा मराठीतच काहून ठेवला, सर?"

सरांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाकीचे शब्द स्टँडवर बायायले विचारले. तो विचाराची हिंमत नाही झाली."

मग तुकड्यातुकड्यांत सगळं बाहेर आलं. त्यांची मुलगी वर्षा हिनं तांड्यावरच्या एका बंजारा मुलाशी लग्न केलं होतं. सरांना मुलावर संशय, घरावर संशय, जातीवर संशय. ते लग्नाला गेले नाहीत, आणि नंतर जे बोलले ते मुलीनं मनावर घेतलं. बायको तेवढी चोरून फोन करायची. ती वारली तेव्हा वर्षा आली, कडेवर अडीच वर्षांची मुलगी. दिवसभर घर माणसांनी भरलेलं. संध्याकाळी ती पोर सरांच्या गुडघ्याला धरून काहीतरी विचारू लागली. सारखं तेच तेच. वर्षा नर्सच्या ड्युटीवर असायची आणि पोर दिवसभर तिच्या सासूजवळ, म्हणून तिच्या तोंडी सगळी गोरबोली. सरांना एक अक्षर कळलं नाही. ते गप्प बसले. वर्षाला वाटलं, बाबांचा राग अजून तसाच आहे. तिनं लेकराला उचललं आणि गेली.

"ते लेकरू काय विचारून राह्यलं होतं, हे मले आजही माहीत नाही," सर म्हणाले.

गार्डसुद्धा आपली झोप विसरला. राठोडांनी कागद नीट जुळवून फाइलीत घातले. दोन ठिकाणी पेननं मात्रा सुधारली. त्या रिकाम्या जागेत मात्र काही लिहिलं नाही.

"याले शब्द नाही लागत, सर," ते म्हणाले. "तुमी जा फक्त."

परत येताना रस्त्यात मी सरांना सांगितलं, की मोठ्या सरांच्या कानावर घालणारी मीच. ते म्हणाले, "मले डाऊट होताच." पुढे थोडं चालून म्हणाले, "रविवारी येता का संग? मी एकटा गेलो तर दारातूनच परत येईन."

रविवारी आम्ही तांड्यावर गेलो. दिग्रसहून अर्ध्या तासाचा रस्ता. सरांनी बिस्किटांचा पुडा आणला होता. त्यावरची तारीख त्यांनी दोनदा वाचली, मग मला वाचायला लावली. वाटेत ते ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत होते. आव, बेस, बाटी. मला परीक्षेला निघालेल्या पोरासोबत चालल्यासारखं वाटत होतं.

अंगणात साडेचार वर्षांची एक मुलगी मातीत काडीनं रेघोट्या ओढत होती. आम्हाला पाहून उभी राहिली. सर फाटकाशीच थबकले. मी वाट पाहिली. ते 'आव' म्हणतील, 'बेस' म्हणतील. त्यांच्या तोंडून एकही शब्द फुटला नाही. दोन वर्षांची सगळी जाळी त्या क्षणी पार पुसली गेली असावीत.

मुलगीच चार पावलं पुढे आली. सरांना खालपासून वरपर्यंत तपासलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "तारो नाम कांई छ?"

नाव काय तुझं, एवढं मलाही कळलं. सरांनाही कळलं. ओठ हलले. पण काय सांगावं, कोणतं नाव सांगायचा आपल्याला हक्क आहे, ते त्यांना ठरवता येईना. पुडा हातात चुरगळत होता.

दारात वर्षा आली होती. हात पिठात भरलेले. ती बापाकडे बघत राहिली. इतका वेळ, की मला वाटलं आता ती दार लावून घेईल.

मग ती लेकीला म्हणाली, "नाना छ. तारो नाना."

आणि सरांना म्हणाली, "बाबा, आत या न."