आत्याच्या घराचं मीटर

गृहनिर्माण खात्यातल्या साहेबांनो, जित्याजागत्या बाईचं घर तुम्ही रिकामं ठरवलंत, तेही दाराची कडी न वाजवता!

ही अक्कल तुम्हाला विकत घ्यावी लागली नाही. विद्यापीठातल्या एका संशोधकाने फुकट दिली. कुठली सरकारी घरं ओस पडलीत, हे पाण्याच्या मीटरवरून ओळखणारं संगणकी मॉडेल त्याने प्रबंधासाठी बनवलं होतं. बेघरांना घरं मिळावीत, एवढाच हेतू. खात्याने मॉडेल उचललं आणि पहिली नोटीस डकवली ती त्याच्याच आत्याच्या दारावर. सोमवारी घर खाली करा!

"तुझं ते यंत्र बिघडलं का रे?" आत्याने विचारलं.

बिघडलं असतं तर बरं झालं असतं. मॉडेल बनवताना जेवायची शुद्ध राहीना, म्हणून त्यानेच आत्याला स्वयंपाकासाठी आपल्या खोलीवर आणून ठेवलं होतं. तिच्या घरचं मीटर तीन महिने ढिम्म.

"मग सांग की त्या खात्याच्या साहेबाला!"

"सांगितलं. म्हणतो, मीटर फिरल्याशिवाय यादीतून नाव निघणार नाही."

"मग फिरव मेल्या! माझं छप्पर जातंय!"

संशोधकाने आत्याच्या घरातले सगळे नळ सोडले. मोरी तुंबली, पाणी खोलीत शिरलं, खालचा शेजारी शिव्या घालत वर आला. मीटर मात्र भिंगरीसारखं फिरलं. सोमवारी पोलिसांऐवजी खात्याचा निरीक्षक आला, तेव्हा संशोधकाची पँट वाळत होती आणि तो आत्याची शाल गुंडाळून फरशी पुसत होता.

"पाणी दहा माणसांचं," निरीक्षक टॅबवर बोट ठेवत म्हणाला. "पोटभाडेकरू ठेवलेत. हा त्यातलाच का?"

"भाचा आहे माझा! मी इथेच राहते."

"तसा रकानाच नाही, आजी. एकदा संशय आला की दोनच रकाने. रिकामं, नाहीतर पोटभाडेकरू. दोन्हींत घर जातं."

"कुठल्या गाढवाने आखले हे दोनच रकाने?"

शालीतून एक हात हळूच वर आला.

आत्याने त्याच्याकडे पाहिलं. मग निरीक्षकाच्या हातातला टॅब पालथा केला आणि ओल्या पायांनी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"त्याचं मी नंतर बघते. तू वर बघ. माझ्या तोंडाकडे. मी राहते की नाही इथे? रकान्याला विचारू नको, तू बोल!"